नकाशात आमच्या गल्लीला नेट आहे

माननीय (आणि नात्याने चिरंजीव) मेहुणेसाहेबांस,

सप्रेम नमस्कार आणि सोबत आशीर्वाद. दोन्ही एकदम पाठवतोय, कारण वयाने तुम्ही माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि खुर्चीने फार मोठे. यातलं जे योग्य वाटेल ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवायची गरज नाही. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघत बसता? (हे तुमच्या ताईने विचारायला सांगितलंय, शब्द तिचेच.) माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते आटोक्यात आहे, पण डॉक्टरांनी तो रविवारी मोजला आणि रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात.

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. इंटरनेटच्या नकाशावरच्या हरकती ज्या कचेरीत येतात तिथले तुम्ही साहेब आहात आणि आमच्या गल्लीची हरकत सध्या तुमच्याच टेबलावर आहे, हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. वशिला लावणं माझ्या रक्तात नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली, पण कुणाच्या दुकानातला खडीसाखरेचा खडासुद्धा तोंडात टाकला नाही. (एकदा टाकला होता, पण तो तपासणीच्या वेळी पारड्यातून खाली पडलेला होता.) तेव्हा हे पत्र मी केवळ मन मोकळं करायला लिहितोय असं समजा.

घरची परिस्थिती तुम्हाला माहीत आहेच. मुलगा औषधांच्या कारखान्यात पाळीने जातो. सून शहरातल्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवते, आणि आमच्या घरात नेट म्हणजे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. म्हणून ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पालथ्या बादलीवर बसून शिकवते. एका हातात खडू, दुसऱ्या हातात छत्री. काल कर्णाची व्याख्या सांगताना वारा सुटला आणि फळा शेजारच्यांच्या अंगणात गेला, तरी तिने चौकोन पूर्ण केला. अशी सून नशिबाने मिळते. पण तीही किती दिवस बादलीवर बसणार? दोघांनी शहरात दोन खोल्या बघून ठेवल्यात. नातीच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत गल्लीत नेट आलं तर राहायचं, नाहीतर जायचं, असं ठरलंय. नात सहा वर्षांची आहे. ती सकाळी माझा चष्मा लपवते आणि मी तो सापडत नाही असं नाटक करतो, एवढंच सध्या माझं काम आहे. ती गेली की चष्मा जागच्या जागी सापडेल. मला तसा तो सापडायला नकोय, हे स्पष्टच लिहितो.

तर सरकारने ठरवलं, की ज्या वस्त्यांत नेट नाही तिथे सरकारी खर्चाने तार टाकायची. उत्तम. मग प्रश्न आला, नेट कुठे नाही हे कसं कळणार? तुम्हा लोकांचं डोकं मोठं, तुम्ही थेट कंपन्यांनाच विचारलंत, की बायांनो, तुमचं नेट कुठे कुठे पोचतं? कंपन्या म्हणाल्या, सगळीकडे. तुम्ही म्हणालात, वा, आणि नकाशाला हिरवा रंग फासलात. मेहुणेसाहेब, मी एकतीस वर्षांत एकाही किराणा दुकानदाराला विचारलं नाही, की बाबा, तुझा किलो किती ग्रॅमचा? मी माझी वजनं पिशवीतून घेऊन जायचो, पारडं उलटं करायचो, खाली चिकटवलेलं लोहचुंबक उपटून काढायचो आणि मग दुकानदाराच्या तब्येतीची चौकशी करायचो. तुमच्या खात्यात मात्र चौकशी आधी आणि तीही चोराकडेच. जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्या हातात देणं म्हणतात ते हेच.

बरं, कंपन्या निव्वळ खोटं बोलल्या असंही नाही, कारण नियमच असा केलात की खोटं बोलायची गरज पडू नये. नकाशाचे चौकोन पाडलेत. चौकोनात एका जरी जागी नेट असलं, किंवा नसलं पण दहा दिवसांत देता येईल असं कंपनीला मनापासून वाटलं, तरी अख्खा चौकोन हिरवा. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मान्य, पण ते शीत त्याच भांड्यातलं असावं की नाही? आमच्या चौकोनात कोपऱ्यावर बर्फाचा कारखाना आहे. मालकाने लाद्यांवर नजर ठेवायला कॅमेरे बसवलेत आणि कॅमेऱ्यांसाठी कंपनीची जाडजूड तार घेतली आहे. झालं, त्या तारेपायी आमची एक्केचाळीस घरं हिरवी झाली. बर्फाला नेट आहे आणि माणसं वितळतायत, असं आमचे टेलरमास्तर म्हणाले. (हे समोरच्या दुकानात राहतात आणि कपडा सोडला तर त्यांचं सगळं मापात असतं, बोलणंसुद्धा.)

आम्ही ओरड केली तेव्हा तुमच्या खात्याने प्रत्यक्ष पाहणीला एक माणूस पाठवला. मी त्याला मापाडी म्हणतो, कारण त्याने आपलं नाव सांगितलं तेव्हा मी सतरंजी झटकत होतो. आता इथून पुढचं जरा मन घट्ट करून वाचा, कारण यात गल्लीचा अध्यक्ष म्हणून माझाच हात आहे. सरकारी माणूस पहिल्यांदाच गल्लीत येणार, म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. आदल्या दिवशी रस्ता झाडला, गटारावर फरश्या टाकल्या, भिंतीवर पान थुंकणाऱ्याला त्याच्या मावशीकडे पाठवून दिलं. आणि मी घरोघर जाऊन बजावलं, की साहेबांचं यंत्र नाजूक असतं, तेव्हा सकाळी दहा ते एक कुणीही फोनला हात लावायचा नाही, उगाच साहेबांचं काम खोळंबायला नको. आमची गल्ली इतर वेळी कुणाचं ऐकत नाही, पण त्या दिवशी एक्केचाळीस घरांतले सगळे फोन बंद होते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या आजींनी तर स्वतःचा फोन पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं.

मापाडी आला. पाहुण्याला बसवायचं कुठे? घरात उकडतं. मग आम्ही त्याला गच्चीवर नेलं, टाकीच्या सावलीत खुर्ची ठेवली, पंख्याची तार वरपर्यंत ओढली, चहा दिला. जिथे सुनेची बादली असते, अगदी तिथेच. गल्लीतली सगळ्यात चांगली जागा ती, मग पाहुण्याला दुसरीकडे बसवतात का? त्याने यंत्र काढलं, कळ दाबली, आणि काटा असा काही पळाला की तोच दचकला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा उत्तम. माझा तर ऊर भरून आला. मी टाळी वाजवली हे मला तेव्हा कळलंही नाही. मापाड्याने वहीत ‘सेवा अत्यंत समाधानकारक’ असं लिहिलं, चहाही समाधानकारक असल्याचं तोंडी सांगितलं आणि गेला. मग मी मागे वळलो तर जिन्यात सून उभी होती. बंद फोन, मोकळं नेट आणि तिच्या बादलीच्या जागी खुर्ची, ही बेरीज तिने केव्हाच केली होती. गणिताच्या शिक्षिका पेपर हातात देताना जशा बघतात तशी बघून खाली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला बासष्टाव्या वर्षी समजलं. ज्या माणसाने जन्मभर पारड्याखालची चुंबकं उपटली, त्याने आपल्या हाताने चुंबक लावलं, आणि तेही स्वतःचं वजन कमी भरावं म्हणून.

त्यानंतर हरकतीचा मार्ग. आपल्याकडे नेट नाही ही तक्रार नेटवरूनच करायची, हे ज्याला सुचलं त्याला एकदा आमच्या घरी जेवायला घेऊन या. त्यासाठी आधी ॲप उतरवून घ्यायचं. टेलरमास्तरांच्या फोनवर ते दोन दिवस उतरत होतं. ते फोन काजाच्या यंत्राशेजारी ठेवून बसले होते, गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू आवाजात बोलत होते. शंभरातले शहाण्णव टक्के झाले आणि त्यांच्या मेहुणीचा फोन आला. (मेहुण्यांची जात अशीच, तुम्ही सोडून.) पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ॲप उतरलं. आता तीन वेगवेगळ्या दिवशी घरात बसून वेग मोजायचा. मोजायला घेतलं, तर नेट इतकं मंद की मोजणीच पुरी होईना. पडद्यावर सूचना आली, की मोजणी अपूर्ण राहिली, कृपया चांगले नेट असलेल्या जागी पुन्हा प्रयत्न करावा. आणि अपूर्ण मोजणी पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे थोडं कमी असेल तर तक्रार करता येते, अजिबात नसेल तर करता येत नाही. रोग्याची नाडीच लागत नाही, सबब तो आजारी असल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हणणारा वैद्य तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, त्याची कचेरी तुमच्याच मजल्यावर आहे.

अखेर कागदावर हरकत लिहिली. एक्केचाळीस घरांच्या सह्या घेतल्या, पहिली सही अध्यक्षाची, म्हणजे माझी. टेलरमास्तरांनी कापडाच्या पट्टीने गठ्ठा बांधला आणि गेल्या महिन्यात आम्ही चौघे तो तुमच्या कचेरीत देऊन आलो. तुम्ही तेव्हा बैठकीत होतात. शिपायाने पोच दिली.

असो. मन मोकळं झालं. न्याय जो व्हायचा तो तुमच्या हातून होईलच, मी त्यात एका शब्दाने पडणार नाही. गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. एक बारीकशी विनंती राहिली. ती हरकतीची फाईल शाळेचं वर्ष संपेपर्यंत जरा दाबून ठेवता आली तर पाहा. फेटाळू नका आणि मंजूरही करू नका, नुसती पडू द्या. सरकारी फाईल पडून राहणं यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

ता. क. २. कारण विचाराल, म्हणून लिहून टाकतो. हरकतीवर कंपनीने जे उत्तर दिलंय (त्याची प्रत अध्यक्ष म्हणून मलाही आली), त्याला जोडलेल्या सातव्या कागदावर एका गिऱ्हाइकाची सही आहे, ती तुम्हाला ओळखीची वाटेल. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. त्या सकाळी सुनेने माळ्यावरची खोकी खाली काढली होती आणि नात एका खोक्यात बसून गाडी गाडी खेळत होती. तो माणूस म्हणाला, काका, बर्फाच्या कारखान्यातून तुमच्यापुरती तार ओढून देतो, गल्लीत एक घर दाखवलं की आमचं काम होतं. एक घर दाखवलं की काय होतं हे मला पक्कं कळत होतं. दुकानदारांची ही भाषा मी एकतीस वर्षं ऐकली आहे. तरी मी खोक्याकडे बघत सही केली. तार पाण्याच्या नळीमागून आणली, तिला नळीचाच रंग दिला, आणि नेटचा डबा देवळीत घड्याळामागे ठेवला. सून आता खोलीत बसून शिकवते (वर बादलीचं ‘काल’ म्हणून लिहिलं ते खरं महिन्यापूर्वीचं), खोकी पुन्हा माळ्यावर गेली. चाळीस घरांना मी काही सांगितलेलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, मेहुणेसाहेब. सुनावणी लावलीत तर तो सातवा कागद सगळ्यांसमोर वाचला जाईल, टेलरमास्तर पुढच्याच बाकावर बसलेले असतील, आणि मला त्यांच्याकडे बघता येणार नाही. मला लाज वाटते. पण नात गेलेली बघण्यापेक्षा लाज बरी, असं माझं सध्या मत आहे.

बाळ्या,

पत्र पोस्टात टाकायला यांनी परवाच माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं, खोटं कशाला बोलू. यांचं काही ऐकू नकोस आणि फाईल दाबू नकोस. सातवा कागद खुशाल मोठ्याने वाच, गल्लीला सगळं माहीत आहे. तारेला रंग देताना यांनी शिडी टेलरमास्तरांचीच आणली होती. ते लोक दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी टेलरमास्तरांची बायको पासवर्ड मागायला आली. मी दिला. नाही कसं म्हणणार, तिने माझ्या दोन्ही बाळंतपणांत डबे पोचवलेत. मग आजींना दिला, मग बाकीचे आपापले आले. आता एक्केचाळीस घरं त्या एका डब्यावर आहेत. यांना वाटतं डबा बिघडलाय, रोज सकाळी फडक्याने पुसतात.

तेव्हा माणूस पाठव, कधीही पाठव, आणि पहिलं माप आमच्याच घरात घ्यायला सांग. कुणी काही लपवायची गरज नाही, सगळ्यांकडे सारखंच येतं, म्हणजे कुणाकडेच येत नाही. काल सुनेचा वर्ग तीनदा तुटला. संध्याकाळी तिने खोकी पुन्हा खाली काढली. अजून भरलेली नाहीत. लवकर कर.

ताई