दादरची आई

रविवार, ६ एप्रिल

श्रेयाचा फोन. चौदा मिनिटं. त्यातली अकरा नुसती "आई"!

आई म्हणजे तिच्या सासूबाई, दादरच्या ललिताबाई. मी मम्मी. लग्नाला वर्ष झालं नाही अजून, पण जीभ कशी छान वळलीय! "मम्मी, आई आणि मी एकच कादंबरी वाचतोय. आधी आई, मग मी. आणि जेवताना डिस्कस करतो." डिस्कस! इथे होती तेव्हा जेवताना मोबाइलमधून मान वर निघत नव्हती.

विचारावंसं वाटलं, तुला अक्षरं कोणी दाखवली गं? पुड्यांचे कागद जमिनीवर पसरून कोण बसायचं तुझ्याबरोबर? चाळीच्या मंडळाच्या कपाटातली सगळी पुस्तकं दहावीच्या आत मी संपवली होती. मग लग्न, मग ती, मग मिरची गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानातली नोकरी. सत्तावीस वर्षांत एक पुस्तक उघडलं नाही मी.

पण "छान हो," म्हटलं. जळते आहे नुसती.

बुधवार, ९ एप्रिल

परळच्या वाचनालयात नाव घातलं! ह्यांना सांगितलं, भाजीला जाते.

टेबलावर मेघना नावाची मुलगी बसते. "काय आवडतं वाचायला, काकू?" म्हणाली. काय आवडतं ते मलाच कुठे माहीत? मग सरळ तीच कादंबरी मागितली — बंदरावर खाणावळ चालवणाऱ्या दोन जावांची. होती! चारशे बारा पानं. मेघनाने पुस्तकामागच्या चिठ्ठीवर आजच्या तारखेचा शिक्का मारला. आता बघतेच.

शुक्रवार, ११ एप्रिल

चार पानं. झोप लागली.

मंगळवार, १५ एप्रिल

पुस्तक दुकानात नेलं. मसाल्याचा सीझन, अख्खी लालबाग वर्षाचं तिखट करायला उतरलीय, तरी दोन गिऱ्हाइकांच्या मधे पान-दोन पान होतंच. थोरली जाऊ भारी आहे. धाकटीच्या हाताला चव आहे म्हणून ती हिला सहन होत नाही. माणसं धाकटीचं सांबारं मागतात, ही आत बसून कांदे चिरते. वाचता वाचता मी मोठ्याने म्हटलं, "अगदी बरोबर!"

शेठ म्हणाले, "वहिनी, वजन करताय का वाचताय?" काश्मिरी मिरचीच्या गिऱ्हाइकाला मी बेडगी बांधून दिली होती.

रविवार, २० एप्रिल

श्रेयाचा फोन. त्यांच्या वाचनालयाने पुस्तक परत मागवलं! कोणाची तरी मागणी होती म्हणे. "मम्मी, शंभर पानं राहिली गं! आईंना तर चैनच पडत नाहीये. दुसरीकडे कुठे मिळत नाही."

"असं का," म्हटलं मी.

पुस्तक मांडीवर होतं. दोनशे सदतिसाव्या पानात बोट घालून बसले होते. सांगायला काय झालं होतं? जीभ रेटली नाही. उलट आतून गुदगुल्याच झाल्या. रोज रात्री जेवताना काय डिस्कस करतायत आता दोघी? बटाट्याची भाजी?

बुधवार, २३ एप्रिल

मुदत वाढवून घेतली. मेघना म्हणाली, "आवडलेलं दिसतंय काकू." लाजच वाटली.

रविवार, २७ एप्रिल

संपलं. ओट्यापाशी उभी राहून रडले. थोरली शेवटी धाकटीच्या नावाची पाटी स्वतःच्या हाताने लावते, आणि खाली उतरून लांबून बघते, वाकडी तर नाही ना लागली.

कोणाला तरी सांगायचंच होतं. ह्यांना सांगायला गेले. पाच मिनिटं ऐकलं, मग म्हणाले, "ता सगळां खरां. पण माका आज जेवूक मिळतला मां?"

आता ह्या गोष्टीवर बोलता येईल अशी दोनच माणसं आहेत जगात, आणि दोघी दादरला! आणि त्यांना अजून पाटीचं ठाऊकच नाही.

गुरुवार, १ मे

सुट्टी. पुस्तक घेऊन दादरला गेले. "तुमच्यासाठी मिळवलं हो," म्हटलं. मिळवलं! काय थाप मारते मी.

ललिताबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "शेवंतीताई, बुधवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग कितीतरी दिवस वाचायचं नाही. त्याआधी होईल बघा आता!" श्रेयाने मला मिठी मारली. "मम्मी, यू आर द बेस्ट." जावई अनिशसुद्धा हसून बघत होते.

घरी येईपर्यंत मी राणीच होते. बेस्ट कोण? मम्मी.

शनिवार, ३ मे

श्रेयाचा फोन. आवाज थंड.

"आईंचे डोळे सुजलेत. लाल झालेत, पाणी थांबत नाहीये. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं." मग म्हणाली, "पानांच्या कोपऱ्यांत तिखट आहे, मम्मी. बोटांचे ठसे आहेत. तू दुकानात वाचत होतीस?"

मी हो म्हटलं.

"आणि मागे शिक्का आहे. नऊ एप्रिल. मी रडत सांगत होते तेव्हा तुझ्याकडेच होतं ना ते?"

ह्यालाही हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? तिने फोन ठेवला.

मला तसं करायचं नव्हतं. देवाशपथ. पुस्तक लपवलं ते मात्र मुद्दामच, आणि तिखट त्या पुस्तकातूनच गेलं. हात पुसून वाचायचं साधं भान राहिलं नाही मला. त्या बाईच्या डोळ्यांना काही झालं तर?

सोमवार, ५ मे

फोन नाही. मी केला तर कट केला.

बुधवार, ७ मे

आज ऑपरेशन व्हायचं होतं. तशीच दादरला गेले.

ललिताबाई काळा चष्मा लावून खुर्चीत. श्रेया ऑफिसला गेली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पुस्तक लपवलं. तुमचा हेवा वाटतो. माझी मुलगी तुम्हाला आई म्हणते ते मला बघवत नाही. मिळवलं म्हटलं तेही खोटं.

मला वाटलं आता दार दाखवतात.

मग म्हणाल्या, "रागावले आहे मी. खूप. पण शेवट कळल्याशिवाय नीट रागावताही येत नाही. बसा. पस्तीस पानं राहिलीत. आणि आधी साबणाने हात धुऊन या. दोनदा!"

वाचायला बसले. सुरुवातीला अडखळत होते, शाळेत धडा वाचतात तशी. मग जावांचं भांडण आलं, आणि आवाज आपोआप सुटला. थोरलीला मी आमच्या मालवणी हेलात बोलायला लावलं. ललिताबाई हसल्या. पाटीपाशी आलो तेव्हा दोघीही रडलो. डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून त्या तशाच बसल्या, गाल ओले ठेवून.

निघताना म्हणाल्या, "श्रेया बातम्या वाचल्यासारखी भराभर वाचते. तुमचं ऐकत राहावंसं वाटतं." हे ऐकून मला काय आनंद झाला! एवढं सगळं होऊनही! सुधारायची नाही मी.

मंगळवार, १३ मे

एक दिवसाआड दुकानातून सुटले की दादर. नवीन पुस्तक लावलंय. आज श्रेया लवकर आली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. आतून तिचं अनिशरावांशी हसणं ऐकू येत होतं. त्या हसण्याचाही हेवा वाटला.

"वेळ लागेल," ललिताबाई म्हणाल्या. त्यांचं काय जातंय? त्यांच्याशी बोलते की ती.

सोमवार, १९ मे

ललिताबाईंचं ऑपरेशन नीट झालं. हे मला त्यांनीच कळवलं. श्रेयाने नाही. देवापुढे साखर ठेवली, आणि मग बसून रडले.

बुधवार, २१ मे

दादरला आता आठ दिवस जायचं नाही, त्यांना विश्रांती सांगितलीय. वाचनालयात गेले. मेघनाला म्हटलं, "भांडखोर बायकांचं काहीतरी दे. शहाण्या नकोत." तिने एक जाडजूड काढून दिलं. हे ललिताबाईंनी वाचलेलं नाही, श्रेयानेही नाही.

शुक्रवार, २३ मे

दुकानात पुस्तक नेत नाही आता. घरी येते, हात घासते, बसते. कालचा भात करपला. ह्यांनी मुकाट्याने खाल्ला.

फोन सारखा बघते. वीस दिवस झाले. एकदा, एकदाच तिने मम्मी म्हणावं.

रविवार, २५ मे

दुपारी फोन वाजला. श्रेया! बावीस दिवसांनी!

पुस्तकाची बारा पानं राहिली होती. थांब गं, एवढं संपू दे. फोन उलटा ठेवला आणि पान उलटलं.