परीक्षेच्या खोलीचं दार

ती उठली म्हणून नापास झाली नाही, कानिमेत-आके. तुम्ही दार उघडून उभे राहिलात म्हणून झाली. हे मी फोनवर किती वेळा सांगितलं, आणि दर वेळी तुम्ही "आवाज तुटतोय रे" म्हणालात. कागदावर आवाज तुटत नाही. म्हणून आता लिहूनच देतो, आणि अशा प्रकारे लिहितो की हे चार म्हाताऱ्यांसमोर वाचलं जाईल आणि तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

तर मी, जोमार्त, मयत शैलोबेक यांचा धाकटा मुलगा आणि तुमचा धाकटा भाऊ, वय सत्तावीस, मूळ राहणार कोक-बुलाक, नारिन, सध्या मुक्काम परदेशी, येकातेरिनबुर्ग, काम उंच इमारतींच्या बाहेरून दोरावर बसून काचा पुसणे व सांधे भरणे, शिक्षण आठवी, तीही अर्धवट, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही. कुणी धमकावलेलं नाही की कुणी फूस लावलेली नाही. बायकोने तर नाहीच नाही, हे लिहिताना तिला याचा पत्ताही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी मी एका जागी इतका वेळ बसलोच नव्हतो.

"सत्ताविसाव्या वर्षी कसलं मृत्युपत्र? जीभ चाव!" असं अपा, आमची आई, म्हणेल. अपा, माझ्या शेजारच्या दोरावर इल्गिझ असायचा, आत-बाशीचा. डिसेंबरात छपरावरचा बर्फ फोडताना तो घसरून गेला. आम्ही वर्गणी काढून त्याला पेटीतून गावी पाठवला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि त्याच्या भावांनी त्याच्या बायकोला गाद्यांसकट भाड्याच्या गाडीत बसवून माहेरी धाडलं. तिच्याजवळ दाखवायला नवऱ्याची एक ओळ नव्हती. मी इथल्या आपल्या वकिलातीत चौकशी केली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी मजकूर नीट लिहून आण. शिव्या गाळून." शिव्या गाळल्या आहेत. गाऱ्हाणी गाळायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिलं, घराबद्दल. आपल्याकडे घर धाकट्याचं, हे मी नव्याने सांगायला नको. वडिलांनी ते माझ्या नावावर करून दिलं तेव्हा आके, तुम्हीच सही केली होती आणि तुमचं वेगळं घर आधीच बांधून झालं होतं. मी मेलो तर अपा हयात असेपर्यंत घर अपाचं. तिच्या चुलीवर, तिच्या उशीवर, तिच्या ओरडण्यावर कुणाचा हक्क नाही. तिच्यानंतर घर माझी बायको आयकानिश हिचं. तिने दुसरं लग्न केलं तरी तिचंच. ती विधवा झाली तर शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नाचा विषय कुणी काढू नये. नंतर तिने स्वतः काढला तर कुणी तोंड वाकडं करू नये. "घरातली सून घरातच राहू दे" म्हणून तिला कुणा चुलतभावाच्या गळ्यात बांधू नये. आके, तुम्ही हसताय हे मला इथून दिसतंय. तुम्ही इल्गिझच्या भावांनाही शहाणी माणसं म्हणाला होतात.

दुसरं, कोपऱ्यातली खोली. हे कलम मोठं आहे, चहा घेऊन बसा.

ही खोली आजपासूनच, म्हणजे मी जिवंत असतानाही, आयकानिशची. कारण फक्त त्याच खिडकीतून टेकडीवरचा मनोरा दिसतो आणि तिथेच फोनला रेंज मिळते. ती तिसऱ्या वर्षाला आहे, गणिताची शिक्षिका होण्याच्या पदवीला, राजधानीच्या विद्यापीठात, पण घरी बसून. वर्ग ध्वनिमुद्रित असतात. सकाळी दूध काढताना रुमालाखाली कानात इयरफोनचं एक बोंड घालून ती ऐकते. पहिल्या वर्षी अपाने मला घाबरून फोन केला होता: "अरे, तुझी बायको गायीला काहीतरी समजावून सांगते!"

"काय सांगते?"

"काय कळतंय मला! म्हणते, दोन्ही बाजूंना सारखंच वजा कर. गाय गप उभी राहते मात्र."

आपल्या शाळेत गणित कोण शिकवतं? कसरतीचे सर. मुलं गणितात धावायला शिकतात. मी आठवीतून पळालो तो याच धावण्याच्या जोरावर. शेती केली, टॅक्सी चालवली, बिश्केकच्या बाजारात गोण्या उचलल्या, कझाखांकडे मेंढ्या राखल्या, कुठे टिकलो नाही. ती टिकते. भांडी घासून, सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतून, अंथरुणं घालून झाल्यावर ती पुस्तक उघडते, आणि उघडलेलं बंद करत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. फोनवर ती उदाहरण वाचते, मी जेवतो, मग ती "हं!" म्हणते, तेव्हा समजायचं की सुटलं. त्या "हं"साठी मी जेवण लांबवतो.

आता जानेवारीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण गावात उलटीच गोष्ट फिरते आहे.

घरबसल्या परीक्षेत फोनचा कॅमेरा समोर लावून बसावं लागतं. तोंड चौकटीत दिसलं पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, दुसऱ्याचा आवाज नको. हे तिने आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. अपाने मान डोलावली. आके, तुम्हीही "हो हो" म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या सातार आजोबांना घेऊन आलात, ऐंशीच्या पुढचा पांढऱ्या दाढीचा माणूस, थंडीत घोड्यावरून. अपा गोठ्यात होती. तुम्ही सरळ कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलंत आणि मोठ्याने म्हणालात, "सूनबाई, बघ तरी कोण आलंय!"

मग तिने काय करायचं होतं? दारात वडीलधारा उभा, आणि सून बसलेली? तिने लेखणी ठेवली, उठली, गुडघ्यावर हात ठेवून तीनदा वाकून सलाम केला. आजोबांनी आशीर्वाद दिला, लांबलचक, तुमच्या शेताला पाणी लागो इथपर्यंत. ती परत खुर्चीत बसली तेव्हा पडद्यावर आलं होतं: विद्यार्थिनी चौकटीबाहेर, परक्या पुरुषांचे आवाज, परीक्षा रद्द. शेवटचं उदाहरण अर्धं राहिलं होतं. ती रडली नाही. चहा ठेवायला गेली. हे मला अपाने सांगितलं, तिने नाही.

आणि तुम्ही काय केलंत? पुढच्याच जेवणावळीत मांस वाढताना सांगत सुटलात, "भावजय असावी तर अशी! परीक्षा फेकून उठली पण थोरांचा मान राखला!" सगळ्यांनी वाहवा केली. आके, तुम्ही तिला शिवी दिली असती तर तिने उलट उत्तर तरी दिलं असतं. या वाहवेवर ती काय बोलणार? त्या दिवसापासून ती पुस्तक उघडत नाही. फोनवर मला म्हणते, "जाऊ दे हो. सगळे इतके खूश आहेत."

म्हणून या कलमात स्पष्ट लिहितो. परीक्षेच्या दिवशी ती कुणासाठी उठणार नाही. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला अपाच्या खोलीत बसवावं. तिच्या वाटणीचे सलाम मी इथे, वसतिगृहाच्या खोलीत, उभा राहून वाकून करून ठेवले आहेत, पदवी हाती येईपर्यंत पुरतील इतके. माझ्या खोलीतल्या शेरअलीने पाहिलं. तो म्हणाला, "सुनेचा सलाम पुरुषाने केलेला मी पहिल्यांदाच बघतोय. कंबर जरा जास्त वाकव." वाकवली.

अपा, तुझी भीती मला माहीत आहे. "पदवी आली की ही शहरात उडून जाईल, मग माझ्या मयतीला आलेल्यांना चहा कोण देईल?" असं तू शेजारणीला म्हणालीस. ती जाणार नाही, शाळा घराच्या पलीकडे आहे. आणि गेलीच तर चहा मी देईन. मी आधी गेलेलो नसेन तर.

तिसरं, जनावरं. गायी आणि मेंढ्या अपाच्या. तांबडी घोडी आणि चांदीच्या कड्यांचं खोगीर कानिमेत-आकेंचं. मी पाच वर्षांचा असताना तुम्ही मला पुढ्यात घेऊन कुरणावर न्यायचात आणि वाऱ्यात मला तुमच्या कोटात घेऊन त्याचं बटण माझ्या मानेशी लावायचात. ते मी विसरलेलो नाही. तुमचा राग येतो तो म्हणूनच जास्त येतो.

चौथं, अवजारं. दोर, कड्या, पाट यांपैकी काहीही कुणाला देऊ नये. दोर जाळून टाकावेत. जुना दोर वरून चांगलाच दिसतो. शेरअलीला माझे बूट हवे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळलं. "मग मी सही कशाला करू?" असं तो दोन दिवस म्हणत होता. शेवटी मी बूट जिवंतपणीच देऊन टाकले.

पाचवं. बँकेत जे शिल्लक असेल ते आयकानिशच्या शिक्षणासाठी. त्यातून लग्न, सुंता, घोड्यांच्या शर्यती यांना एक पैसा जाऊ नये.

सहावं, हे सगळं पार पाडायला व्यवस्थापक म्हणून मी सातार आजोबांना नेमतो. आके, आता तुमचं हसू थांबलं असेल. मी त्यांना फोन केला होता. खरा प्रकार त्यांना कुणी सांगितलेलाच नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरा, मला कुणी सांगितलं असतं तर मी घोड्याजवळ थांबलो असतो. मला सलाम नको होता रे, चहा हवा होता." मी मृत्युपत्राचं बोललो तेव्हा चिडले: "माझ्याआधी मरायचा बेत आहे होय? आधी मला जाऊ दे, रांग मोडू नकोस." पण नाव घालायला हो म्हणाले. पुढच्या परीक्षेला ते स्वतः अंगणात बसणार आहेत. त्यांना ओलांडून आत जायचं असेल तर खुशाल जा.

याची एक प्रत आजोबांकडे, एक तुमच्याकडे, मूळ कागद वकिलातीत. सर्व वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून सही केली.

जोमार्त शैलोबेक-उलू

साक्षीदार १: शेरअली मामासादिक-उलू, राहणार जलालाबाद. (मजकूर ऐकला. बूट मिळाले, पण त्याचा सहीशी संबंध नाही.)

साक्षीदार २: वालेंतिना सेर्गेयेव्ना, वसतिगृहाच्या व्यवस्थापिका. (भाषा कळत नाही. मुलगा शुद्धीत होता, भाडं वेळेवर देतो.)

येकातेरिनबुर्ग, १४ मार्च २०२४.

सहीनंतर आठवलं म्हणून खाली लिहितो. वरचं बरंचसं मी मेल्यावरचं आहे, आणि फेरपरीक्षा एप्रिलमध्ये आहे. तेवढ्यात मरायला मला सवड नाही. म्हणून या महिन्याचे पैसे नेहमीसारखे आकेंच्या नावावर न पाठवता आयकानिशच्या नावावर पाठवले आहेत. फेरपरीक्षेची फी चार हजार पाचशे, आणि खोलीच्या दाराला आतून लावायची कडी घ्यायला तीनशे. एकूण सोम चार हजार आठशे.