चौथा घोडा

नागपूर, १२ फेब्रुवारी १९७८

प्रिय मधुकरराव,

तुमच्या कुसुममावशींनी एव्हाना भिलाईला कळवलंच असेल, की होणारी सून फॅशन शोमध्ये स्टेजवर होती. होते. पण साड्या नेसून मिरवत नव्हते, प्रेक्षकांकडे पाठ करून चित्रं काढत होते. लग्नाचं काय ते ठरवण्याआधी माझ्याकडूनही ऐका.

सदर बाजारातल्या भैय्याजींनी आपल्या दुकानातल्या भारी रेशमी साड्यांचा शो ठेवला होता. मुंबईच्या मुली एकेक साडी नेसून येणार आणि मागे ताणलेल्या पांढऱ्या कापडावर मी कोळशाने नागपूर काढणार, असा बेत. आधी पेन्सिलीची रेघ नाही, खोडायची सोय नाही. शाळेत शिकवताना फळ्यावर चित्रं काढून हात बसलाय, म्हणून हो म्हटलं. सीताबर्डीचा किल्ला झाला, कस्तुरचंद पार्कची छत्री झाली. झिरो माइलच्या खांबाला आणि त्याच्या चार दगडी घोड्यांना आले आणि मुली भराभर यायला लागल्या. माझे तीनच घोडे झाले होते, तर पुढच्या रांगेतल्या एक बाई साड्या बघायचं सोडून ओरडल्या, "चौथा घोडा कुठी गेला वं?" सगळा हॉल हसला, मीही हसले आणि घोडा काढला. इतकी मजा मला शाळेत कधी आली नाही.

घोळ झाला तो वेगळाच. फळ्यापुढच्या सवयीने मी हात पदराला पुसत होते, आणि पदर तुमच्या आईंनी पाठवलेल्या मोतिया साडीचा! मावशी तरातरा विंगेत आल्या. "काहून वं, सासूनं देल्लेल्या पातळाले हात पुसून राहिली? अन् लोकायसमोर हे असं आपल्या घरात चालत नाही." साडीचं मला फार वाईट वाटलं. धुतली, पण डाग राहिलाय. आईंची माफी मी स्वतः मागेन. स्टेजवर उभी राहिले, त्याची मात्र मागणार नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. भैय्याजींचा पुढचा शो जबलपूरला आहे, नेमका आपल्या साक्षगंधाच्या, अंगठ्या घालायच्या दिवशी. मी काल हो म्हणून आले. बाबांना अजून माहीत नाही, आधी तुम्हाला सांगते आहे. साक्षगंध आठवडाभर पुढे ढकला, नाहीतर लग्नच मोडा. पण लग्नानंतर हे सोडून देईन असं कबूल करून मी तुमच्या घरात येणार नाही. तुम्ही मला आवडलात. बघायला आलात तेव्हा चारचौघांत हे बोलता आलं नाही. उत्तर बाबांना नको, मला शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

अजून तरी तुमचीच,
प्रेमिला