ऐंशीच्या पुढची थरथर

बाबा, गाडी घेतली आम्ही. सेकंडहँडच, तुम्ही घेतली होती तशी. पांढरी आहे, आणि विकणाऱ्याने टायरांना काळं पॉलिश मारून ती नव्यासारखी करून दिली होती. शेजारच्या काकू लिंबं घेऊन आल्या तेव्हा यांनी तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "लिंबू फुटून नजर उतरत असती, तं सरबतवाल्याले आयुष्यात काही झालंच नसतं." काकू हसल्या आणि लिंबं डाळीला वापरा म्हणाल्या. तुमची अशी वाक्यं या घरात अजून चालतात. "आधी तपास, मंग मान" हे तर लेकही म्हणते, आणि तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही.

हुडकेश्वरहून सावनेरच्या कॉलेजात मी आता गाडीनेच जाते. शहर मागे पडलं की रस्ता मोकळा होतो, काटा ऐंशीच्या पुढे सरकतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. वेग कमी केला की थांबतं. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ही थरथर एकेरी नाही. वर एक बारीक, घाईची, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी. आणि तिच्याखाली दुसरी, सावकाश, उजव्या अंगठ्यापाशी. ती मला ओळखीची वाटली. इतकी ओळखीची, की मी काच खाली केली आणि उगाच मोठ्याने श्वास घेतला. यांना सांगितलं तर हे स्वतः चालवून आले आणि म्हणाले, "काई नाई त्यात. तुले भास होऊन राहिला." पण हे सत्तरच्या वर जातच नाहीत, तेव्हा तो तपास मी धरला नाही.

ती ओळख कुठली, ते लिहायलाच बसले आहे. कुहीचा रस्ता, दोन्हीकडे धानाचे बांध. तुमच्या शाळेला सुट्टी आहे आणि तुम्ही मला गाडी शिकवता आहात. मी स्टिअरिंग धरलंय आणि माझ्या हातावर तुमचा हात आहे, खडूने कोरडा पडलेला. मी म्हणते, "बाबा, गाडी थरथरून राहिली." तुम्ही समोर बघतच म्हणता, "रस्ता खराब हाये वं." मी खिडकीतून खाली बघते. रस्त्यावर नुकतंच डांबर पडलेलं आहे. रस्ता काळा, सपाट, डांबराचा वास अजून गेलेला नाही. मी पुन्हा समोर बघते. पुढे काही दिवसांनी तुम्ही फळ्यावर लिहिणं सोडलं, वर्गातल्या एकेका मुलाला उठवून गणित लिहायला लावू लागलात. घरी सांगितलंत, "पोरायले सवय व्हावी म्हणून." आई चहा अर्धाच कप देऊ लागली. डॉक्टरांकडे तुम्ही गेलात ते फार उशिरा. सगळ्या गोष्टी तपासून मानणारे तुम्ही.

टायरवाला बोलका निघाला. त्याने आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं, शिशाचे तुकडे लावले. थरथर तशीच. मग तो टायरांपुढे उकिडवा बसला. "मॅडम, पॉलिशवर भुलल्या तुम्ही. खाचा खोल हायेत, पण रबर पहा, नख रुतत नाई. गाडी उन्हात उभी राहून टायर म्हातारे झाले. हे बाजूवर छापलं असते, कोणत्या वर्षी बनला ते. कोणी वाचतच नाई." मीही वाचलं नव्हतं. मग तो म्हणाला, "आता पुढचे चाकं मांगं टाकतो. खराबी टायरात असन, तं हातातून निघून सीटमधी येईन. हातातच राहिली, तं मंग टायर नाई. दुसरं काई."

"दुसरं काय?"

"ते मंग पाहू ना. आतापासून काहून भेता?"

भर दुपारी तो माझ्या शेजारी बसला आणि आम्ही हायवेला लागलो. पंचाऐंशीला माझ्या पाठीखाली सीट गुणगुणू लागली. "आलं! सीटमधी आलं!" त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली, हात लांब करून स्टिअरिंगला दोन बोटं लावली. "हे घ्या. एकदम शांत." ती बारीक थरथर खरंच हातातून गेली होती. खालची गेली नव्हती. उजव्या अंगठ्यापाशी ती आता एकटीच होती, आणि म्हणून अधिक स्पष्ट. मी पकड घट्ट केली, ती थांबली. सैल केली, पुन्हा आली. जणू स्टिअरिंगच्या आतून कोणी माझा हात धरला होता, आणि मी दाबलं की ते माणूस शहाण्यासारखं गप्प बसत होतं.

अर्धवट तपास तुम्हाला चालायचा नाही. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ट्रक जात होते. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावरून फिरत होता, सावकाश, खडूचा तुकडा फिरवावा तसा. मी त्याच्याकडे पाहत राहिले. खरं लिहिते, तेवढ्या वेळात तो हात मला माझा वाटला नाही. उन्हात, डोळ्यांसमोर, माझ्या बाहीतून तुमचा हात बाहेर आला होता.

"काहून थांबल्या मॅडम?"

"काही नाही. आवाज ऐकत होते."

"बंद गाडीचा?" तो हसला.

चारही टायर बदलले. दिसायला भारी म्हणून तो रुंद टायर सुचवत होता. मी कंपनीच्याच मापाचे घेतले, मऊ चालणारे, आणि बाजूवरचं वर्ष चारही टायरांवर स्वतः वाचलं. जुन्या टायरांपैकी एकाच्या पोटाला आतून फुगवटा होता. यांना तो दाखवला. "मंग बरोबर होतं तुझं," हे म्हणाले. मी हो म्हटलं. आता नव्वदलाही गाडी पाण्यासारखी जाते.

काल लेकीला शिकवायला घेतलं. आमच्या वस्तीबाहेरचा नवा सिमेंटचा रस्ता, रहदारी नाही. तिने स्टिअरिंग धरलं, ते जरा वाकडं जात होतं म्हणून मी शेजारून तिच्या हातावर माझा उजवा हात ठेवला. ठेवायला नको होता. थोडं अंतर तिने तसंच चालवलं. मग म्हणाली, "आई, टायर बदलले ना वं आपण? मग हे काय हलून राहिलं?"

मी समोर बघत होते. म्हटलं, "रस्ता खराब आहे."

तिने वेग कमी केला, काच खाली केली आणि मान बाहेर काढून रस्ता पाहिला. मग काच वर केली. समोर बघून चालवत राहिली.

बाबा, त्या दिवशी डांबर नवं होतं, हे मी पाहिलं होतं.