लंगडा राक्षस

१२ फेब्रुवारी २०२२, शनिवार

राक्षस चाललाच नाही!

दोनदा मागं नेऊन बघितलं. नाही चालला. तेहतीस वर्षं ज्याच्या पावलांनी मी दचकून उठते, तो आख्ख्या प्रसंगात जागचा हलत नाही.

वफीकनं मॉन्ट्रियलहून पाठवलाय सिनेमा. कुणीतरी जुनी प्रत साफसूफ करून टाकलीय म्हणे. 'बघ, सापडला आपला मिठाच्या दरीतला राक्षस. मी एकटा बघणार नाही, तू आधी बघ' – असा निरोप. चाळिशी ओलांडलेला भाऊ!

वीज नसतेच, जनरेटर चार ते सहा असतो. त्या वेळात सीरीनला घेऊन बसले. सात वर्षांची आहे ती, मीही तेव्हा सातच वर्षांची होते. तिला आधीच सांगून ठेवलं – सिनेमातली तिघं भावंडं तांब्याच्या पालथ्या हंड्याखाली लपतात ना, तिथं माझा हात धर. बाहेरून तो येतो. धप्... धप्... जमीन हादरते.

तो प्रसंग आला. मीच तिचा हात धरला. पडद्यावर राक्षस खडकाला टेकून बसलेला. डोळ्यांत पाणी. मागं बारीक बासरी. बस्स!

"आई, हा तर रडतोय. ह्याला घाबरायचीस तू?"

आणि बाईसाहेब शेंगदाणे खात पुढं बघायला लागल्या.

१३ फेब्रुवारी, रविवार

वफीकला फोन केला. त्याला काही न सांगता विचारलं, राक्षसाचं तुला काय आठवतंय?

"पावलं," लगेच म्हणाला. "एक मोठं, एक लहान. लंगडा होता ना तो. आणि जवळ आला की जमीन हलायची. वरून चुना पडायचा डोक्यावर, केसांत... तू रडायचीस, केस पांढरे झाले म्हणून."

दोघांना एकदमच कळलं असणार.

"घिन्वा," म्हणाला, "सिनेमातल्या राक्षसानं आपल्या तळघराचा चुना कसा पडेल?"

१४ फेब्रुवारी, सोमवार

औषधांच्या दुकानात दिवसभर चुकीच्या बाटल्या काढत होते. तोफा होत्या त्या. तोफा!

१६ फेब्रुवारी, बुधवार

लिहून काढते, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

एकोणनव्वद साल. युद्ध चाललेलं, मार्चपासून पार उन्हाळ्यापर्यंत. झुकाक अल-ब्लात वस्तीतली आमची इमारत, पाच मजले, खाली तळघर. तोफा सुरू झाल्या की सगळे खाली. गारबिसकाकांचं व्हिडिओ टेपांचं दुकान तळमजल्यावर होतं. त्याला आग लागली, आतल्या टेपा वितळल्या. एकच वाचली. कुणाला तरी भाड्यानं दिलेली, म्हणून वाचली. ती ही. वर नाव नाही, भाषा आम्हाला कुणालाच न कळणारी.

काकांनी छोटा टीव्ही आणि व्हिडिओ खाली आणला, गाडीच्या बॅटरीवर लावला. आम्ही नऊ-दहा पोरं टीव्हीपुढं चटईवर. काका शेजारी स्टुलावर बसून गोष्ट सांगायचे. त्यांचा डावा पाय लहानपणापासून बारीक, तो पुढं सरळ ताणून ठेवलेला. भाषा त्यांनाही येत नसावी! पण सांगायचे असे की जणू राक्षस त्यांचा शाळासोबती.

आणि राक्षस आला की आवाज वाढवायचे. पार शेवटपर्यंत. टीव्ही नुसता खरखरायचा. त्यातून ती पावलं.

"मोजा रे! एक... दोन... लांब आहे अजून. ऐकलंत? लंगडतोय. माझ्यासारखाच आहे बिचारा, भराभर नाही येता येत त्याला."

लांब एक गोळा पडायचा, मग जवळ एक. एक मोठं पाऊल, एक लहान. आम्ही मोजायचो. सतरापर्यंत गेल्याचं आठवतं एकदा. मग काका म्हणायचे, "गेला. दमला आज." तेवढ्यात खरंच थांबलेलं असायचं. थांबलं नसलं तर म्हणायचे, "अरे, काठी विसरला वाटतं, परत आला!" आणि आम्ही घाबरत घाबरत हसायचो.

घाबरलेलो तर होतोच. पण कुणाला? एका लंगड्याला. काठी विसरणाऱ्याला. टेप संपली की जो संपायचा त्याला. आज दुकानात उभ्याउभ्या हे लक्षात आलं आणि डोळे भरून आले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, औषध नसलं तर नसू द्या, रडू नका!"

गारबिसकाका आहेत म्हणे अजून. बुर्ज हमूदला पुतणीकडे. जायला हवं. अबूधाबीला निघायच्या आधी जायलाच हवं.

एक राहिलं. तेही लिहिते, इथं कोण वाचणार आहे. त्या प्रसंगाला मी दर वेळी मागं वळून आईकडे बघायची. आणि दर वेळी तिची जागा रिकामी. लोखंडी दाराचा आवाज यायचा – आई बाहेर. बाकीच्यांच्या आया पोरांना कुशीत घेऊन बसलेल्या. आमची निघून जायची. पाव तासानं यायची, कोरड्या चेहऱ्यानं, लांब भिंतीशी बसायची. मी कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

नाजीनं, माझ्या नवऱ्यानं, अबूधाबीहून तिकिटं पाठवली. तीस मार्च. माझं आणि सीरीनचं. आई सैदाला जाईल, मावशीकडे. ठरलंय तसं. मीच ठरवलं.

आई मसूर निवडत होती. सांगितलं तिला तारीख.

"बरं."

"मावशीकडे गच्चीची खोली आहे. ऊन येतं."

"माझं काय, मला कुठंही ठेव."

असं बोलते आणि वर बघतसुद्धा नाही! मग मीही तोडून बोलले. म्हटलं, "तळघरात आम्हाला ठेवून जायचीस, तेव्हा आम्ही कुठं विचारलं?"

तिचा हात ताटात थांबला. एवढंच. मग पुन्हा मसूर.

जेवताना मसूर-भाताचा मुजद्दरा वाढला, वरचा कुरकुरीत कांदा नेहमीसारखा सगळा माझ्या ताटात.

२० फेब्रुवारी, रविवार

बोलायला नको होतं. पण खोटं होतं का?

२६ फेब्रुवारी, शनिवार

जाऊन आले.

एक्क्याऐंशी वर्षांचे गारबिसकाका! खिडकीत बसलेले, पाय तसाच पुढं ताणलेला. कान गेलेत जवळजवळ. पुतणीनं ओरडून सांगितलं, झुकाक अल-ब्लातची पोरगी आलीय, घिन्वा.

"कोण? ती रडकी?"

"तीच, काका."

"मोठ्यानं बोल! आवाज वाढवायचं काम आता तुझं!"

आणि स्वतःच हसत सुटले. मग मला कॉफी, चेरीचा मुरंबा, पोटात जागा नसताना केक. मी सगळं ओरडून सांगितलं. सिनेमा बघितला, राक्षस चालतच नाही, आत्ता कळलं तुम्ही काय केलंत ते. रस्त्यावरच्या लोकांनीसुद्धा ऐकलं असेल.

"चालत नाही?" काकांना खरंच नवल वाटलं. "मग काय करतो?"

"बसून रडतो."

"अरेरे! आणि मी त्याला एवढा हिंडवला."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, तुमच्यामुळं मला वेड लागलं नाही. युद्ध आठवलं की मला राक्षस आठवतो. माझ्या बरोबरीच्यांना काय काय आठवतं, त्यांची झोप उडते – मला एक लंगडा राक्षस. आभार मानायला आलेय.

त्यांनी हात सोडवून घेतला. रागावल्यासारखेच झाले.

"मला कशाला? मी बसून बडबड करायचो. बटण पिळायचं काय मोठं काम! बॅटरी कोण आणायचं?"

"कुठली बॅटरी?"

"घ्या! अगं, एका बॅटरीवर तो सिनेमा पुरा व्हायचा का? निम्म्यातच चित्र कडेनं आक्रसायला लागायचं. दुसरी बॅटरी वर होती. मागच्या अंगणातल्या खोलीत, तिथल्या जनरेटरवर भरत ठेवलेली. कुणीतरी वर जाऊन आणायला नको? मी ह्या पायानं जिना चढणार? पुरुष माणसं निम्मी बाहेर अडकलेली, निम्मी माना खाली घालून बसायची. पहिल्या दिवशी चित्र आक्रसलं आणि मी सगळ्यांकडे बघितलं. वफीकची आई उठली. नंतर मग मला बघावंच लागलं नाही, चित्र लहान झालं की ती उठायची."

वफीकची आई. माझी आई.

"तोफा चालू असताना?"

"नाहीतर कधी? बंद असत्या तर टीव्ही कशाला लावला असता? चांगली बारा-चौदा किलोची बॅटरी. पोटाशी धरून आणायची. तिच्या तपकिरी कोटाला पुढं भोकं पडली होती बघ, ॲसिडची."

तो कोट मला आठवतो. मी त्या भोकांत बोटं घालायची. कसरीनं खाल्लाय म्हणायची आई.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा गोळा फार जवळ पडला. अंगणाची भिंत गेली. मी म्हटलं, नजीबा, बाई, आज राहू दे. आज अंधारात बसू. पोरं झोपतील. तर म्हणाली, 'राक्षस अर्ध्यावर थांबला तर पोरं बाहेरचं ऐकतील.' आणि गेली."

काका कॉफी निवतेय म्हणून ओरडत राहिले.

निघताना विचारलं, आईनं कधी सांगितलं का नाही आम्हाला?

"तू कधी विचारलंस का?" म्हणाले. मग माझा चेहरा बघून खांद्यावर थोपटलं. "जा. आहे ना अजून? मग झालं तर."

२७ फेब्रुवारी, रविवार

आईला काही बोलले नाही. ती स्वयंपाकघरात असली की मी बाहेर येते, ती बाहेर आली की मी आत. घरभर लपाछपी. तोंड कसं दाखवायचं? 'तळघरात आम्हाला ठेवून जायचीस' – माझेच शब्द!

वफीकला सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं – 'मी दोन दिवस कामावर जाणार नाही.'

२ मार्च, बुधवार

नाजीला फोन केला. भांडायच्या तयारीनंच. म्हटलं, आई येईल आपल्याबरोबर. नाहीतर तिकिटं फाडून टाकते.

"फाडायला ती कागदाची कुठं आहेत?" म्हणाला. आणि मग, "घिन्वा, मी कधी नको म्हटलं होतं? मी तर विचारलं होतं सप्टेंबरात. तूच म्हणालीस तिला मावशीकडे बरं वाटेल."

खरंय. मीच म्हणाले होते. खापर मात्र त्याच्यावर फोडत होते मनातल्या मनात.

दुपारी आईपुढं जाऊन बसले. एका दमात सांगितलं – तू आमच्याबरोबर अबूधाबीला चल. मावशी नाही, सैदा नाही. मला तू पाहिजेस.

बराच वेळ तिनं मसुरीतला एक खडा शोधला.

"तिथं कांदे चांगले मिळतात का?"

"मिळतात, आई."

"सीरीन रात्री लाथा मारते. तिच्या खोलीत झोपणार नाही मी."

हे तिचं हो! मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. सुखानं. असं सुख मला शेवटचं कधी झालं होतं ते आठवत नाही.

३ मार्च, गुरुवार

मावशीचा फोन. "मी खोली रंगवून घेतली होती!" अर्धा तास ओरडली. शेवटी म्हणाली, "बरं झालं. ती तुझ्याशिवाय जेवली नसती."

५ मार्च, शनिवार

आज सांगितलं आईला. गारबिसकाकांकडे गेले होते, बॅटरीचं कळलं, कोटाचं कळलं. मला माफ कर. तुझ्यासारखी धीराची बाई मी पाहिली नाही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सीरीनचा फ्रॉक हातात. हसली जराशी.

"बॅटरी काय, दोन मिनिटांत निघायची. उरलेला वेळ मी त्या खोलीचं दार लावून किंचाळायची. गळा बसेपर्यंत. मला खाली बसवायचंच नाही गं, छाती फुटेल असं व्हायचं. तुमच्यासमोर तोंडातून निघालं असतं म्हणून वर जायची. तिथं तोफांत कुणाला काय कळणार? मग नळाखाली तोंड धुऊन बॅटरी घेऊन खाली."

फ्रॉकची घडी मोडली, पुन्हा घातली.

मग एकदम माझ्याकडे बघितलं, अगदी लहान मुलीसारखं. "तुला ऐकू आलं होतं का कधी?"

"नाही, आई. एकदाही नाही."

"मग बरं," म्हणाली.