बाबांची परवानगी

येरेवान, सोव्हिएत आर्मेनिया, ऑक्टोबर १९४८

लाडक्या शुशानला दादाचा गालगुच्चा.

मी मजेत आहे. माझा पासपोर्ट इथल्या सरकारी कचेरीवाल्यांनीच जपून ठेवलाय, त्यामुळे हरवायची भीती नाही.

बैरुतमधल्या आपल्या गल्लीवरचं माझं पुस्तक इथे छापणार आहेत, फक्त त्यातली गल्ली तेवढी काढायची आहे. संपादक म्हणाले, "अहो, मायदेशी आलात ना? मग रडगाणं कशाला?" मी गल्लीच्या जागी ट्रॅक्टर घातला.

आईचा खोकला कसा आहे? तू अजून कॉफीचा कप पालथा घालून भविष्य बघतेस का गं?

आम्हीही तिकडे येऊ का, असं विचारलंस. या की! फक्त निघण्याआधी बाबांच्या कबरीवर धूप जाळ आणि त्यांची परवानगी माग. ते स्वतःच्या तोंडाने "जा" म्हणाले, की त्याच दिवशी बोट पकडा.

तुमची वाट बघत नसलेला,
येर्वांतदादा