खुडूक बटेरीची व्यवस्था

मी, पुंजा देवराम भोये, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती व बटेरपालन, राहणार हरसूल, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. मी शुद्धीवर आहे याची खात्री म्हणून वाल्मीक मास्तरांनी मला आजचा वार विचारला. मी बरोबर सांगितला.

येत्या शुक्रवारी नाशिकला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. तरी त्यांनी माझ्या दोन ठिकाणी सह्या घेतल्या, म्हणून एक सही मी माझ्या बाजूनेही करून ठेवतो.

१. राहते घर, पडवी आणि मागची पिंजऱ्यांची शेड माझी पत्नी लता हिला. मी पहिल्या बटेरी आणल्या तेव्हा ती म्हणाली होती, "एवढ्याशा पाखरात खायचं काय न् टाकायचं काय?" तिसऱ्या दिवसापासून तीच अंडी फिरवू लागली.

२. बँकेत जे असेल ते मुलगी तृप्ती हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. पासबुक देव्हाऱ्याखाली आहे.

३. उबवणी पेटीही तृप्तीला. ती जुन्या फ्रिजची आहे म्हणून हसू नये. आत साडेसदतीस अंश ठेवावे, अंडी दिवसातून तीनदा फिरवावीत, पंधराव्या दिवसापासून हात लावू नये. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्ले निघतात. पहिल्या आठवड्यात ती पाण्याच्या ताटलीतसुद्धा बुडतात, म्हणून ताटलीत गोट्या ठेवाव्यात. त्या गोट्या तृप्तीच्याच आहेत. ती चौथीत असताना मी न विचारता घेतल्या. आता विचारतो.

४. कापण्याची कात्री, दोन सुऱ्या आणि मोठे पातेले शेजारच्या कुसाबाईंना. सहा वर्षे त्या माझ्याबरोबर कापतात आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवावा. एकीला दुसरीच्या डोळ्यांसमोर कापू नये. पाणी उकळते नको, कातडी फाटते. सुरुवातीला मी डोंगराकडे तोंड करून चार तांदूळ टाकतो आणि आज किती घेणार ते सांगतो. माफी मागत नाही. माफी मागून उद्या पुन्हा तेच करणे मला जमत नाही. सांगून घेणे जमते. कुसाबाईंनी त्यांना पटेल तसे करावे.

५. आता खुडूक बटेर.

आमचे वडील घोड्याच्या केसांचे फासे लावून रानातली लावरी धरत. तेव्हा चालत असे. वरईच्या शेतात अंड्यांवर बसलेली लावरी मी लहानपणी पाहिली आहे. अगदी जवळ गेलो तरी उठली नाही. पिंजऱ्यातली बटेर तिचीच बहीण, पण ती अंडे घालते आणि पुढे चालू लागते. मागे वळून बघत नाही. बटेरपालनाच्या प्रशिक्षणातल्या साहेबांना मी कारण विचारले. ते म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत उबवल्याने ती बसायचे विसरली. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला आहे. जे विसरले जाते ते आठवत असेल का?

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, एक बटेर कोपऱ्यातल्या गवतावर आठ अंडी घेऊन बसली. कोंबडी खुडूक बसते तशीच, पिसे फुलवून. इतरांत मिसळू नये म्हणून मी तिच्या पायात दोरा बांधला. चौथ्या दिवशी माझ्या छातीत दुखू लागले आणि मला नाशिकला नेले. परत आलो तेव्हा माझा धाकटा भाऊ झुंबर दारात उभा होता.

"दादा, तुझा नवस फेडला. टेकडीवर नेऊन कापली. नारळपण फोडला."

"कसला नवस?"

"पायात लाल दोरा व्हता की."

आमच्याकडे देवाला बोललेल्या कोंबड्याच्या पायात लाल दोरा बांधतात. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून आमचे बोलणे नाही. बांध एक आहे, निरोप तृप्ती नेते.

थंड पडलेली आठ अंडी तृप्तीने पेटीत ठेवली होती. तीन फुटली, त्यात एक मादी. ती बसली नाही, तिची मुलगीही बसली नाही. त्या मुलीची मुलगी २८ फेब्रुवारीपासून सात अंड्यांवर बसली आहे.

त्या वेळी मी बरा झालो तो गोळ्यांनी की त्या बटेरीने, हे जाणून घ्यायला मला आवडले असते. दोन्ही एकाच आठवड्यात झाल्यामुळे सांगता येत नाही. पण हे लिहिताना एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. लाल दोऱ्याचा अर्थ मलाही ठाऊक होता. दोरा मी बांधला, झुंबरने तो वाचला.

म्हणून ही खुडूक बटेर, तिची अंडी आणि तिचा पुढचा सगळा वंश माझा भाऊ झुंबर देवराम भोये यास देत आहे. त्याने अंडी पेटीत हलवू नयेत. मांजर आत येऊ देऊ नये. पिल्ले निघाली तर तिच्याजवळच ठेवावीत. या वंशातली कोणतीही कापू नये. खूण म्हणून हिरवी सुतळी वापरावी.

हे कलम मी मोठ्याने वाचले. साक्षीसाठी बोलावलेला झुंबर ओट्यावरच बसला होता, आत आला नव्हता.

वाल्मीक मास्तर म्हणाले, "पुंजाभाऊ, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तुमची अंडी सोळा तारखेला फुटायची."

"मग हे कलम आजपासून लागू धरा."

"असं नसतं हो."

"अंडी थांबतील का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, एवढे मात्र त्यांनी सांगितले. म्हणून झुंबरचे नाव खोडतो.

तेवढ्यात झुंबर बाहेरूनच बोलला, "पण दादा, लालच का बांधलास?"

"घरात तोच होता."

"तोच व्हता म्हणे," तो म्हणाला. मग चपला काढून तो आत आला आणि सरळ मागच्या शेडकडे गेला. आता तिथून लताला विचारतो आहे, मांजर कुठल्या बाजूने येते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. बदलायचे काही नाही.

(सही) पुंजा देवराम भोये

साक्षीदार:
१. वाल्मीक रामदास गावित, शिक्षक (सही)
२. झुंबर देवराम भोये — खोडले. कारण: त्यास मिळाले आहे. (पुं. दे. भोये)
२. धनराज काशिनाथ महाले, किराणा दुकानदार (सही)

स्थळ: हरसूल
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार. अंड्यांचा दहावा दिवस.